लेक ऑन्टॅरिओत सॅमनसाठी फ्लॅशर: आधी वेग, मग लीडर, शेवटी रंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातल्या मिसिसॉगाजवळच्या धक्क्यावरून अठरा फुटी बोट घेऊन दोघे जण उन्हाळ्यात लेक ऑन्टॅरिओत चिनूक सॅमनसाठी ट्रोलिंग करतात, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्युअर (नकली आमिष) ओढतात. बोटीवर दोन डाउनरिगर आहेत, म्हणजे तारेला बांधलेल्या जड गोळ्याने दोरी हव्या त्या खोलीवर नेणारी यंत्रे. अकरा इंची फ्लॅशर घेतले आहेत, त्यांच्यामागे हातभर अंतरावर स्पून (चमच्याच्या आकाराचे धातूचे ल्युअर) बांधलेला असतो आणि बोट जीपीएसवर ताशी अडीच मैलांनी चाललेली असते. आजूबाजूच्या बोटींना मासे लागतात, यांच्या दांड्या मात्र तशाच उभ्या. फ्लॅशरचा रंग चुकतो आहे की मुळात फ्लॅशर लागतच नाही, असे त्यांनी विचारले आहे.

रंगाचा दोष असलाच तर अगदी थोडा आहे. खरी अडचण बांधणीत आहे. फ्लॅशर म्हणजे माशाला लांबून दिसावी म्हणून ल्युअरच्या पुढे लावलेली चकाकती पट्टी, एवढीच बहुतेकांची समजूत असते, आणि दुकानातल्या भिंतीवर शंभर रंगांचे फ्लॅशर ओळीने टांगलेले पाहिले की ती समजूत पक्की होते. चकाकीचा उपयोग आहेच, पण फ्लॅशरचे मुख्य काम मागच्या ल्युअरला चालवणे हे आहे. ज्या ल्युअरला स्वतःची चाल नाही त्याला तो चाल देतो आणि ज्याला आधीच चाल आहे त्याची तो बिघडवतो. स्पून हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचा धातू मुद्दाम अशा वळणाने घडवलेला असतो की दोन ते तीन मैलांच्या वेगात तो स्वतःच डोलत चालावा. अकरा इंची फ्लॅशरमागे हातभर अंतरावर बांधला की फ्लॅशरच्या प्रत्येक फेऱ्याला त्याला हिसका बसतो, त्याचे डोलणे मोडते आणि तो लीडरच्या, म्हणजे फ्लॅशरमागच्या तंगुसाच्या, टोकाला नुसता फरफटत राहतो. त्यामुळे पहिली दुरुस्ती ही की या फ्लॅशरमागून स्पून काढावा आणि फ्लाय (चमकत्या तारांचा झुबका) लावावी, किंवा स्पून ठेवायचाच असेल तर फ्लॅशर काढून तो मोकळ्या तंगुसावर सोडावा.

आता फ्लॅशर या एकाच नावाखाली दुकानात जे विकले जाते त्यात दोन वेगळ्या चालींच्या वस्तू असतात, आणि त्यांतला फरक कळल्याशिवाय पुढचे काहीच जमत नाही. पहिला डॉजर. हा बहुधा धातूचा, दोन्ही टोकांना किंचित विरुद्ध बाजूंना वाकवलेला असतो; पाण्यात ओढला की घड्याळाच्या लंबकासारखा डावीकडून उजवीकडे झुलतो आणि अधूनमधून एखादी कोलांटी घेऊ पाहतो, पण पूर्ण फिरत नाही. त्याला संथ वेग मानवतो, साधारण दीड ते सव्वादोन मैल. दुसरा खरा फ्लॅशर, म्हणजे पूर्ण गोल फिरणारा. हॉट स्पॉट या नावाने प्रशांत किनाऱ्यावर रूढ झालेला अकरा इंची प्लास्टिकचा प्रकार आणि स्पिन डॉक्टरसारखे, टोकाला छोटे पंख असलेले आठ ते दहा इंची पॅडल हे याच वर्गातले. यांना दोन ते पावणेतीन मैलांच्या आसपास वेग लागतो. डॉजर गरजेपेक्षा जोरात ओढला तर तो फिरू लागतो आणि तंगुसाला पीळ पडतो. फ्लॅशर हळू ओढला तर तो फिरायचे सोडून नुसता शेपटी हलवतो आणि मागची फ्लाय मेल्यासारखी चालते. दोन्ही प्रसंगांत बोटीवरून पाहणाऱ्याला काहीच वेगळे जाणवत नाही, कारण जे बिघडले आहे ते सत्तर फूट खाली असते.

म्हणून दरवेळी दोरी खाली सोडण्याआधी फ्लॅशर बोटीच्या बाजूला दहा-बारा फूट मागे, पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल असा धरून पाहावा. फिरणाऱ्या फ्लॅशरने एकसारख्या लयीत, न अडखळता गोल पूर्ण करायला हवा. अर्धा फेरा मारून थबकणे, पुन्हा उलटणे, मध्येच पाते आडवे होऊन थरथरणे ही वेग कमी असल्याची किंवा मागे काहीतरी अडकल्याची खूण आहे. फ्लायकडेही त्याच वेळी पाहावे. तिने फ्लॅशरच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा पुढे झेप घेऊन क्षणभर सैल पडायला हवे. ती सैल पडण्याची घटका फार महत्त्वाची आहे, कारण चकाकीमुळे मागे आलेला मासा बहुधा त्याच क्षणी तोंड घालतो.

फ्लायबद्दल दोन शब्द. इथली सॅमनची फ्लाय म्हणजे चमचमत्या प्लास्टिक तारांचा झुबका, तीनेक इंच लांब, आत चार-पाच मणी आणि मागे गळ. तिला स्वतःची चाल अजिबात नसते आणि म्हणूनच ती फ्लॅशरला उत्तम जुळते. यातले मणी शोभेचे नाहीत. त्यांच्या संख्येवर गळ झुबक्यात कुठे बसतो हे ठरते. मणी कमी पडले की गळ फ्लायच्या डोक्याशी राहतो आणि मासा तारांची शेपटी चावून निघून जातो. जास्त झाले की गळ मागे उघडा लोंबतो. झुबका ओला करून बोटांनी मागे ओढून पाहावा. गळाचा बाक तारांच्या टोकाच्या थोडा अलीकडे आला की बरोबर. नव्या फ्लायला पाकिटात बसवलेले मणी जसेच्या तसे योग्य असतीलच असे नाही, तेव्हा सुटे मणी डबीत ठेवावेत.

आता लीडर, म्हणजे फ्लॅशरच्या मागच्या स्विव्हलपासून (पीळ सोडवणाऱ्या फिरत्या कडीपासून) गळापर्यंतचे अंतर. आठ इंची पॅडलमागे फ्लाय असेल तर सोळा ते चोवीस इंच, दहा-अकरा इंचीमागे वीस ते तीस इंच, हा माझा पल्ला आहे. अंतर जितके कमी तितका हिसका तीव्र आणि फ्लायची उडी झटकेदार; अंतर वाढले की तीच उडी लांबट आणि मवाळ होते. मासे मागे येऊन नुसते धक्का देऊन जात असतील, म्हणजे दांडीचे टोक दोनदा थरथरून पुन्हा शांत होत असेल, तर आधी लीडर दोन-तीन इंचांनी बदलून पाहावा. रंग बदलायची घाई करू नये. यासाठी निरनिराळ्या लांबीचे लीडर बांधून फोमच्या नळीवर गुंडाळून ठेवले की हलत्या बोटीत गाठी मारत बसावे लागत नाही. लीडर चाळीस ते पन्नास पौंडांच्या जाड तंगुसाचा असावा. सॅमनला इतक्या ताकदीची गरज नसते हे खरे, पण जाड तंगूस ताठ असतो आणि फ्लॅशरचा हिसका फ्लायपर्यंत पुरता पोचवतो. पातळ आणि मऊ लीडरमध्ये अर्धा हिसका वाटेतच विरतो. फ्लॅशरच्या दोन्ही टोकांना चांगल्या प्रतीचे बॉल-बेअरिंग स्विव्हल असावेत. स्वस्त स्विव्हल ताणाखाली फिरत नाहीत आणि अशा वेळी संध्याकाळी रिळावर गुंडाळलेला तंगूस स्प्रिंगसारखा उसळतो.

सर्वांत जास्त गैरसमज वेगाबद्दल आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. जीपीएस जो वेग दाखवतो तो बोटीचा जमिनीच्या संदर्भातला वेग असतो. फ्लॅशरला मात्र त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या संदर्भातला वेग कळतो. लेक ऑन्टॅरिओसारख्या मोठ्या तलावात पृष्ठभागावरचे पाणी एका दिशेला आणि थर्मोक्लाइनखालचे (वरचे उबदार आणि खालचे थंड पाणी जिथे वेगळे होते त्या थराखालचे) दुसऱ्या दिशेला सरकत असणे ही रोजची गोष्ट आहे. परिणामी पूर्वेकडे जाताना जीपीएसवरच्या अडीच मैलांचे खाली पावणेदोन होतात आणि त्याच रेषेवर पश्चिमेकडे परतताना सव्वातीन. एका दिशेने जाताना मासे लागतात आणि उलट दिशेने अजिबात नाहीत, हा अनुभव इथे प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि बरेच जण त्याचा अर्थ मासे त्या दिशेकडे तोंड करून आहेत असा लावतात. खाली गोळ्यापाशी वेग आणि तापमान मोजणारे फिश हॉकसारखे यंत्र मिळते. महाग आहे, पण ज्याला फ्लॅशरनेच मासे धरायचे आहेत त्याने दुसरी मोटर किंवा मासे दाखवणारा मोठा पडदा घेण्याआधी ते घ्यावे असे माझे मत आहे. फ्लॅशर-फ्लायसाठी गोळ्यापाशी ताशी सव्वादोन ते अडीच मैल, म्हणजे साधारण साडेतीन ते चार किलोमीटर, येथून सुरुवात करावी. कोकणात सुरमईसाठी बोटीमागे ल्युअर ओढलेल्या माणसाला हा वेग म्हणजे बोट बंद पडल्यासारखा वाटेल, पण सुरमईच्या वेगात हे फ्लॅशर पाण्याबाहेर उसळतील आणि दोऱ्यांचे जाळे होईल.

यंत्र नसेल तर दोन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत. पहिली म्हणजे डाउनरिगरच्या तारेचा कोन. प्रवाह शांत असलेल्या दिवशी, फ्लॅशर नीट चालतो आहे हे बाजूला पाहून खात्री केल्यावर, तीच दोरी पन्नास-साठ फुटांवर सोडून तार किती मागे झुकते ते डोळ्यांत भरून ठेवावे. पुढे कधीही त्याच खोलीवर तार त्याहून जास्त मागे गेली तर खाली वेग जास्त आहे, सरळ उभी राहिली तर कमी आहे. दुसरी म्हणजे दांडीचे टोक. फिरणारा फ्लॅशर प्रत्येक फेऱ्याला दांडी ओढतो, त्यामुळे टोकाला एकसारखा ठोका दिसतो. हा ठोका मंदावला तर वेग वाढवावा. तो घाईचा आणि उथळ झाला तर कमी करावा. तो एकदम बंद झाला किंवा बेताल झाला तर दोरी वर घ्यावी, कारण एकतर शेवाळ अडकले आहे, लीडर फ्लॅशरलाच गुंडाळला गेला आहे किंवा एखादा छोटा मासा लागून निमूटपणे मागे ओढला जातो आहे. हा शेवटचा प्रकार फ्लॅशरच्या बाबतीत फार होतो, कारण फ्लॅशरच्या ओढीत दोन पौंडांच्या माशाची ओढ लपून जाते. मोकळ्या स्पूनवर तोच मासा लगेच कळला असता.

वळणांकडेही लक्ष द्यावे. बोट डावीकडे वळली की डाव्या बाजूच्या दोऱ्या मंदावतात आणि उजव्या बाजूच्या वेग घेतात. वळणात सतत बाहेरच्या बाजूलाच मासा लागत असेल तर सरळ चालताना बोट हळू चालते आहे असे समजावे, आतल्या बाजूला लागत असेल तर जोरात. त्यासाठी दर वीस-पंचवीस मिनिटांनी सौम्य नागमोडी चाल ठेवणे उपयोगी पडते. तीव्र वळण मात्र फ्लॅशर असताना टाळावे. आतली दोरी सैल पडून फ्लॅशर थेट खाली बसतो आणि शेजारच्या तारेला मिठी मारतो.

चकाकी खरोखर किती लांबून काम करते? माशाच्या दोन्ही अंगांना असलेली पार्श्वरेषा पाण्यातली हालचाल टिपते, पण तिचा पल्ला माशाच्या शरीराच्या काही पट, म्हणजे काही फुटांचाच असतो. त्याहून लांबचा मासा येतो तो नजरेने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिरलेल्या झेब्रा शिंपल्यांनी आणि मागून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी गाळून गाळून इथले पाणी बरेच स्वच्छ केले आहे, त्यामुळे फिरत्या पात्याची लुकलुक पूर्वीपेक्षा लांबून दिसते. या तलावातल्या चिनूकचे मुख्य खाद्य एल्वाइफ हा चंदेरी छोटा मासा आहे आणि एल्वाइफच्या थव्यात घुसलेल्या सॅमनच्या अंगावरून परावर्तित होणारा उजेड फिरत्या फ्लॅशरसारखाच दिसतो, असे अनुभवी मंडळी सांगतात. दुसरा मासा जेवतो आहे असे पाहून तिसरा येतो, ही उपपत्ती मला पटते. पण मासा मागे येणे आणि तोंड घालणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली फ्लॅशर करतो, दुसरी फ्लायची चाल करते; म्हणूनच लीडर आणि वेग यांवर इतका वेळ घालवला.

हे मासे मुळात इथले नव्हेत. प्रशांत किनाऱ्यावरून कोहो ही सॅमनची जात आणून मिशिगन राज्याने १९६६ मध्ये लेक मिशिगनच्या उपनद्यांत सोडले, १९६७ मध्ये चिनूक सोडले, आणि लेक ऑन्टॅरिओतही त्यानंतर लवकरच हे सुरू झाले. फ्लॅशरची विद्याही प्रशांत किनाऱ्यावरूनच आली. तिकडचे सल्ले वाचताना मात्र हे ध्यानात ठेवावे की ते भरतीओहोटीच्या पाण्यासाठी लिहिलेले असतात. तिकडे लीडर सहसा लांब, वेग अनेकदा कमी आणि आमिष बहुधा अख्खी हेरिंग असते.

हेरिंगचा विषय निघालाच आहे तर मीट रिगबद्दल सांगतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये मोठे मासे काढणाऱ्या बोटी बहुतेक यावरच असतात. मीट रिग म्हणजे फ्लॅशरमागे चार ते सहा फुटांचा लांब लीडर, त्यावर एक-दोन छोट्या फ्लाय आणि शेवटी प्लास्टिकच्या पारदर्शक टोपीत बसवलेली खारवलेल्या हेरिंगची पट्टी. पट्टी टोपीत घट्ट सारून टोपीच्या भोकातून दात कोरायची काडी आरपार घालायची आणि दोन्ही बाजूंनी मोडून टाकायची, म्हणजे पट्टी निसटत नाही. लीडर इथे एवढा लांब का, तर या आमिषाला स्वतःची चाल आहे. ते सावकाश, अंगाभोवती लोळण घेत चालते आणि फ्लॅशरचा हिसका जवळून बसला तर ही लोळण तुटते. म्हणजे स्पूनला जो नियम लावला तोच येथे आहे. पट्टी बाजूला धरून पाहावी. तिने जखमी माशासारखी सलग, संथ गिरकी घ्यावी. भोवऱ्यासारखी गरागरा फिरली तर पट्टी थोडी बाहेर ओढावी किंवा टोपीवरचा गळाचा तंगूस सरकवून वाक कमी करावा. वेगही फ्लायपेक्षा किंचित कमी चालतो. आमिष म्हणून माशाचे मांस वापरण्याचे नियम प्रांताप्रांतांत आणि वर्षागणिक बदलतात, ते आपल्या विभागासाठी आधी वाचावेत.

खोलीबद्दल फार लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र विषय आहे. एवढे पुरे की चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी आवडते आणि उन्हाळ्यात ते थर्मोक्लाइनच्या आसपास सापडते. पश्चिमेचा वारा दोन दिवस जोरात वाहिला तर उत्तर किनाऱ्याजवळचे गरम पाणी बाहेर ढकलले जाते आणि थंड पाणी वर येते. परवा नव्वद फुटांवर असलेले तापमान आज तीस फुटांवर सापडते. पूर्वेचा वारा याच्या उलट करतो. फ्लॅशरशी याचा संबंध असा की त्या पट्ट्याच्या खाली, आणखी थंड पाण्यात पडून असलेले मोठे मासे आळसावलेले असतात आणि स्पूनमागे सहसा धावत नाहीत. त्यांना जागवायला संथ चालवलेला मोठा फ्लॅशर आणि मीट हीच जोडी उपयोगी पडते. वरच्या, उबदार थरात हिंडणाऱ्या चपळ माशांना मोकळा स्पूनच जास्त भावतो.

आता रंग. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो. तीस-चाळीस फुटांखाली लाल पट्टा काळपट दिसतो. निळा आणि हिरवा सर्वांत खोलवर टिकतो. म्हणून इथे पांढरा, हिरवा, निळा आणि चंदेरी हेच रंग खोल पाण्यात चालतात, यात गूढ काही नाही. पहाटे आणि ढगाळ दिवशी अंधारात चमकणारा लेप दिलेला पांढरा किंवा हिरवा फ्लॅशर. टॉर्चखाली धरून तो भारून घ्यावा, पण भगभगीत नको, मंद चमक मला जास्त भरवशाची वाटते. ऊन डोक्यावर आले की साधा चंदेरी किंवा निळा. यूव्ही असे छापलेल्या वस्तूंबद्दल बरेच बोलले जाते. सॅमनच्या पिल्लांना अतिनील किरण दिसतात, पण वाढत्या वयाबरोबर त्यांच्या डोळ्यांतली ती क्षमता बरीच ओसरते. हे लेप ज्यामुळे उठून दिसतात ते कारण वेगळे आहे. त्यांतले पुष्कळसे अतिनील किरण शोषून दृश्य उजेड बाहेर टाकतात, आणि तो माशाला दिसतो. चार-पाच फ्लॅशर पुरतात. बाकी पैसे स्विव्हलवर खर्च करावेत.

वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, हे सगळे बदलते. तेव्हा थर्मोक्लाइन तयार झालेला नसतो, मासे किनाऱ्याजवळच्या किंचित उबदार, उथळ पाण्यात असतात आणि मोठा फ्लॅशर त्यांना बुजवतो. अशा वेळी कोहोसाठी नारिंगी-लाल रंगाचा लहान डॉजर आणि मागे चौदा-सोळा इंचांवर छोटी फ्लाय, अगदी पृष्ठभागाजवळ, ही लेक मिशिगनच्या दक्षिण टोकाला वर्षानुवर्षे चाललेली जोडी इथेही चालते. उथळ पाण्यात लाल रंग शाबूत असतो. ऑगस्टच्या अखेरीस मिसिसॉगातल्या क्रेडिट नदीच्या मुखासमोर जमणारे मासे जेवण सोडत चाललेले असतात आणि चिडून तोंड घालतात. त्यांच्यासाठी पहाटेच्या अंधारात मोठा, चमकता फ्लॅशर आणि लहान लीडर. पश्चिमेकडे सिअॅटलच्या बाजूला राहणाऱ्या मंडळींनी लेक शेलानसारख्या तलावात कोकनी धरायची असेल तर प्रमाणच निराळे आहे. ही समुद्राकडे न जाणारी सॉकाय सॅमन, जेमतेम हातभर मोठी. तिला चार ते सहा इंची डॉजर, आठ ते चौदा इंचांचा लीडर आणि ताशी एक ते दीड मैल वेग लागतो.

मासा लागल्यावर फ्लॅशर अडथळा ठरतो, ही त्याची खरी किंमत आहे. फ्लॅशर दांडीच्या टोकापर्यंत आला की रीळ फिरवणे थांबते, आणि मासा अजून लीडरभर लांब असतो. फ्लायच्या लीडरला हे अंतर दोन-अडीच फूट, पण मीट रिगला सहा फूट. दांडी नऊ-दहा फुटी लागते ती यासाठीच. दांडी धरणाऱ्याने फ्लॅशर टोकाला आपटू न देता, दांडी उंच ठेवून बोटीत मागे चालत जायचे आणि जाळीवाल्याने तो चालत असताना माशाचे डोके वर आले की पुढून जाळी घालायची. या क्षणी दांडी खाली केली तर तंगूस सैल पडतो, फ्लॅशर आपल्या वजनाने उलटतो आणि गळ सुटतो. अठरा फुटी बोटीत मागे चालायला जागा नसते. म्हणून तुम्ही मीट रिगचा लीडर चार फुटांच्या वर नेऊ नये. डिप्सी डायव्हर (दोरीला खाली आणि बाजूला नेणारी चकती) वापरत असाल तर डायव्हर ते फ्लॅशर हे अंतरही यात मिळवावे लागते.

हा अडथळा नको असेल तर बिनगळाचा फ्लॅशर वापरावा. डाउनरिगरच्या गोळ्यालाच पाच-सहा फुटांच्या मजबूत दोरीने फ्लॅशर बांधायचा, त्याला ल्युअर लावायचे नाही. आणि गोळ्याच्या पाच ते आठ फूट वर, तारेवर क्लिप लावून मोकळा स्पून सोडायचा. चकाकी खालून माशाला बोलावते, स्पून आपल्या चालीने चालतो आणि लढत फक्त माशाशी होते. ज्यांना स्पूनच आवडतो त्यांच्यासाठी हा उत्तम तोडगा आहे. गोळा वर घेताना मात्र तो फ्लॅशर आधी हाताने आत ओढून घ्यावा, नाहीतर मासा नेमका त्यातच गुंततो.

दोन बारीकसारीक गोष्टी. फ्लॅशरची ओढ मोठी असल्याने डाउनरिगरची क्लिप स्पूनपेक्षा घट्ट लावावी लागते, आणि गोळा बारा-पंधरा पौंडांचा हवा, नाहीतर तो मागे झुकतो आणि मोजणीयंत्रावरचे शंभर फूट प्रत्यक्षात बरेच कमी असतात. आणि जुलैपासून वॉटर फ्ली. काटेरी शेपटीचे हे सूक्ष्म जीव तंगुसाला चिकटून कापसासारखे पुंजके तयार करतात, ते दांडीच्या टोकाच्या कडीत अडकतात आणि मासा पन्नास फुटांवर असताना रीळ पुढे सरकत नाही. तीस पौंडांचा जाड तंगूस त्यांना कमी धरतो. पुंजका टोकाशी आलाच तर बोटांनी चिमटून खाली ओढावा. सुरीने खरवडू नये.

तुमच्या बोटीसाठी म्हणून सांगायचे तर ऑन्टॅरिओच्या नियमांत लेक ऑन्टॅरिओवर बोटीतून माणशी दोन दोऱ्या चालतात, म्हणजे तुम्हाला चार मिळतात. तरी सुरुवातीला तीनच सोडा. एका डाउनरिगरवर पांढरा किंवा हिरवा आठ इंची पॅडल, बावीस इंच लीडर, फ्लाय, गोळ्यामागे वीस फूट. दुसऱ्यावर मोकळा स्पून, पंधरा फूट वर आणि पन्नास फूट मागे, म्हणजे दोघांची गाठ पडणार नाही. तिसरी दोरी डिप्सी डायव्हरवर, बाजूला काढून, तुमच्याकडे असलेल्या अकरा इंची फ्लॅशरमागे अठ्ठावीस इंचांवर फ्लाय. वेग जीपीएसवर ठरवू नका, डाउनरिगरच्या दांडीच्या टोकाचा ठोका पाहून ठरवा. स्पूनवर दोन मासे लागले आणि फ्लॅशरवर एकही नाही, तर फ्लॅशर काढून तिथेही स्पून लावायला संकोच करू नका. उलट झाले तर स्पून आत घ्या. अर्ध्या तासात ठोका बदलला नाही तरी प्रत्येक दोरी एकदा वर काढून फ्लायच्या तारा गळात गुंतल्या नाहीत ना, आणि फ्लॅशरच्या मागच्या स्विव्हलवर वॉटर फ्लीचा गोळा बसलेला नाही ना, हे पाहून मगच पुन्हा सोडा.